स्कॅन झालं, मग काचा ठेवायच्या कशाला?

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय जरा जुनाट वाटेल. काचेवर काढलेले आकाशाचे फोटो, आणि ते सांभाळायचे कसे. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगते. मी बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये आले आणि माझं रोजचं काम म्हणजे एका सिस्टिममधला डेटा दुसऱ्या सिस्टिममध्ये हलवणं. आमच्याकडे मायग्रेशन झालं की एक तारीख ठरते, आणि त्या तारखेला जुना सर्व्हर बंद करतात. नवीन ठिकाणी सगळं आलंय ना, मग जुनं कशाला पोसायचं? आमच्या धंद्यात हा प्रश्न कुणाला प्रश्न वाटतच नाही.

तोच प्रश्न या काचांच्या बाबतीत विचारला जातो आणि तिथे त्याचं उत्तर वेगळं येतं. ते का, एवढंच आज सांगायचंय.

आधी वस्तू काय आहे ते बघू. फोटोग्राफिक प्लेट म्हणजे खिडकीला असते तशी पातळ काच. तिच्या एका बाजूला जिलेटिनचा थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण. उजेड पडला, डेव्हलप केलं, की जिथे उजेड पडला तिथे काळी चांदी उरते. म्हणजे ही निगेटिव्ह. आकाश पांढरट आणि तारे काळे ठिपके. तेजस्वी तारा असेल तर ठिपका मोठा, मंद असेल तर बारीक.

याच्या आधी ओल्या प्लेटची पद्धत होती. ती ओली असतानाच वापरावी लागायची, म्हणजे हातात काही मिनिटंच. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली, आणि पुढच्या काही वर्षांत ती बाजारात आली. आता दुर्बिणीला प्लेट लावून तासन् तास उघडी ठेवता येऊ लागली. डोळ्याला हे जमत नाही. डोळा दहा मिनिटं बघत राहिला म्हणून जास्त दिसत नाही, पण प्लेट उजेड साठवत जाते.

आणि काचच का, फिल्म का नाही? कारण फिल्म हवेतल्या ओलाव्याने ताणली जाते, आक्रसते. दोन ताऱ्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या-हजाराव्या भागापर्यंत मोजायचं असेल तर तो आधार हलून चालत नाही. काच हलत नाही. म्हणून घराघरांत फिल्म आल्यावरही वेधशाळा कित्येक दशकं काचच वापरत राहिल्या.

जगातला अशा प्लेट्सचा सगळ्यात मोठा साठा अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत आहे. पाच लाखांहून जास्त प्लेट्स. १८८५ च्या सुमारास एडवर्ड पिकरिंग यांनी पद्धतशीर काम सुरू केलं आणि ते मधल्या एका खंडासकट १९८०-९० पर्यंत चाललं. त्या खंडाचं पुढे बोलते. उत्तरेचं आकाश तिथून, आणि दक्षिणेचं पेरूमधल्या अरेकिपाहून, नंतर दक्षिण आफ्रिकेहून. पेटाऱ्यांत भरून काचा जहाजाने यायच्या. विचार करा, काच!

या प्लेट्स वाचायला पिकरिंग यांनी बायका नेमल्या. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणत. तेव्हा हा शब्द यंत्राचा नव्हता, हुद्द्याचा होता. माझ्या कामाचं नाव जिथून आलं ते इथून, असं म्हटलं तरी चालेल. पगार तासाला साधारण २५ सेंट. विल्यमिना फ्लेमिंग आधी पिकरिंग यांच्या घरी कामाला होत्या. त्यांनीच १८८८ च्या एका प्लेटवर तो घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा तेजोमेघ पाहिला, ज्याचं चित्र आज प्रत्येक खगोलशास्त्राच्या पुस्तकात असतं. हेन्रिएटा लेविट यांनी मॅगेलनच्या मेघांमधले १,७७७ रूपविकारी तारे १९०८ मध्ये नोंदवले. रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे. आणि १९१२ मध्ये त्यातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवलं की ज्याचं आवर्तन जितकं लांब, तितका तो तारा मुळात जास्त तेजस्वी. आता ताऱ्याचं मूळ तेज कळलं, आणि इथून तो किती मंद दिसतो हेही माहीत असलं, की अंतर काढता येतं. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेतला असाच एक तारा प्लेटवर पकडला, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे याच नियमाने ठरवता आलं. त्या प्लेटवर त्यांच्या हाताने शाईत लिहिलेलं 'व्हार!' आजही आहे, उद्गारचिन्हासकट. व्हार म्हणजे रूपविकारी. आधी त्या ठिपक्याला नोव्हा समजून केलेली खूण त्यांनी खोडलेली दिसते.

हे शाईत लिहिलेलं लक्षात ठेवा. पुढे याच्यावरूनच भांडण आहे.

काम कसं चालायचं बघा. प्लेट एका तिरक्या चौकटीत उभी करायची, मागून आरशाने उजेड सोडायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि ठिपके मोजायचे. ज्या तारा वाटेल तिथे काचेच्या बाजूने, म्हणजे जिलेटिन नसलेल्या बाजूने, शाईने बाण, गोल, आकडा. म्हणजे प्लेटच्या एका अंगाला आकाश, आणि दुसऱ्या अंगाला ते आकाश वाचणाऱ्या बाईच्या हाताची खूण. शिवाय प्रत्येक प्लेटला कागदी पाकीट, त्याच्यावर नंबर आणि तारीख. आणि वेगळ्या वहीत वेळ, कुठली दुर्बीण, किती मिनिटं उघडी होती, हवा कशी होती. इंजिनिअरच्या भाषेत बोलायचं तर फाइल, कॉमेंट आणि मेटाडेटा. तिन्ही तीन ठिकाणी.

आता तो खंड. १९५० च्या दशकात डोनाल्ड मेंझेल हे वेधशाळेचे संचालक झाले. पैशांची ओढाताण होती, त्यांनी आकाशाच्या प्लेट्स काढणं थांबवलं. पुढची साधारण पंधरा वर्षं नव्या प्लेट्स जवळजवळ नाहीतच. आज त्या साठ्यातल्या कुठल्याही ताऱ्याच्या तेजाचा आलेख काढा, मध्ये एक मोकळी जागा दिसते. खगोलवाले तिला सरळ 'मेंझेल गॅप' म्हणतात. मला याची गंमतही वाटते आणि भीतीही. एका माणसाने बजेटच्या बैठकीत घेतलेला निर्णय, आणि तो लाखो ताऱ्यांच्या आलेखात एकाच जागी भोक पाडून बसलाय. मेंझेल मोठे शास्त्रज्ञ होते, सूर्याच्या अभ्यासातलं त्यांचं नाव मोठं आहे. पण ते आकाश पुन्हा काढता येत नाही.

आता स्कॅनिंगकडे येते. हार्वर्डचे प्राध्यापक जोनाथन ग्रिंडले यांनी हा सगळा साठा डिजिटल करायचा प्रकल्प उभा केला. डॅश असं त्याचं नाव. बाजारातला स्कॅनर चालणार नव्हता, म्हणून बॉब सिम्को नावाच्या इंजिनिअरनी खास यंत्र घडवलं. ते ११ मायक्रॉनच्या टप्प्याने प्लेट वाचतं. जवळपास वीस वर्षं हे काम चाललं आणि २०२४ मध्ये संपलं. ४,२९,२७४ प्लेट्स. सगळा डेटा कुणालाही मोकळा.

मी सहज हिशोब करून बघितला. नेहमीची प्लेट ८ बाय १० इंच, म्हणजे २०३ बाय २५४ मिलिमीटर. ११ मायक्रॉनने भागलं तर साधारण १८,५०० बाय २३,१००. गुणाकार बेचाळीस-त्रेचाळीस कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला दोन बाइट धरले तर एक प्लेट झाली ८५० मेगाबाइटच्या आसपास. गुणिले सव्वाचार लाख. साडेतीनशे टेराबाइटच्या पुढे जातं. आजच्या काळात हे एका कपाटात मावतं. काचा मात्र तीन मजली विटांच्या इमारतीत ठेवाव्या लागल्या आहेत, आणि जमिनीला ते वजन पेलेल असं बांधकाम करावं लागलं.

मग साहजिकच कुणीतरी विचारणार. स्कॅन झालं ना? मग एवढी मोठी इमारत, माणसं, हवा कोरडी ठेवायचा खर्च कशाला?

ही इमारत बांधली तेव्हा भीती आगीची होती, म्हणून विटांची. आलं ते पाणी. १८ जानेवारी २०१६, जमिनीखालची पाण्याची मोठी लाइन फुटली आणि तळमजल्यात पाणी शिरलं. सुमारे ६१,००० प्लेट्स बुडाल्या. आता जिलेटिन म्हणजे काय, जेली बनते तेच. पाण्यात फुगतं, मऊ होतं, काचेवरून सुटतं. वरून ओलं कागदी पाकीट त्याला चिकटतं, आणि दोन दिवसांत बुरशी. म्हणून त्यांनी भराभर प्लेट्स खोक्यांत घालून गोठवल्या. गोठवल्यावर बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. मग थोड्या थोड्या बाहेर काढून साफ करायच्या, वाळवायच्या. हे काम महिनोन् महिने चाललं. स्कॅन करून ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू त्या दिवशी शंभर टक्के खरी होती. मीही त्याच बाजूची आहे. फक्त 'आणि मग काच टाका' हा भाग मला पटत नाही.

का, ते सांगते.

पहिली गोष्ट शाईची. स्कॅनर खालून उजेड सोडतो. काचेवर शाईचा गोल असेल तर त्याच्याखालचा तारा झाकला जातो, मोजमाप बिघडतं. म्हणून डॅशमध्ये स्कॅन करण्याआधी शाई पुसायचं ठरलं. हो, पुसायचं. त्याआधी प्रत्येक प्लेटचा, तिच्यावरच्या खुणांसकट, आणि तिच्या पाकिटाचा साध्या कॅमेऱ्याने फोटो घेतला. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वाटल्या त्या काही प्लेट्स न पुसता बाजूला ठेवल्या. बाकीच्या पुसल्या.

मला दोन्ही बाजू कळतात. ताऱ्याचं शंभर वर्षांचं तेज हवं असेल तर शाई म्हणजे कचरा. आणि शंभर वर्षांपूर्वी बाई विज्ञान कसं करत होती हे हवं असेल तर शाई हाच डेटा, आणि मागचं आकाश म्हणजे नुसती पार्श्वभूमी. त्या शोधनिबंधांवर बऱ्याचदा नाव पिकरिंग यांचं असायचं. १९१२ च्या त्या प्रसिद्ध परिपत्रकावर सहीसुद्धा त्यांचीच आहे, मजकूर मिस लेविट यांनी तयार केला असं आत पहिल्याच वाक्यात म्हटलंय. पण काचेवर हात त्यांचा होता. कुणाचा निर्णय बरोबर, हे मी सांगणार नाही असं नाही, सांगते. स्कॅन आधी शाईसकट त्याच स्कॅनरवर, मग पुसून दुसऱ्यांदा, असं करायला हवं होतं. वेळ दुप्पट लागला असता, आणि पैसा मिळाला नसता, हेही मला दिसतं. घरून बसून असं म्हणणं सोपं आहे. पण कॅमेऱ्याचा फोटो आणि ११ मायक्रॉनचं स्कॅन यांत फरक आहे, आणि पुसलेली शाई परत येत नाही.

दुसरी गोष्ट, स्कॅन म्हणजे प्लेट नव्हे. चांदीचा कण एखाद्या मायक्रॉनच्या घरातला. ११ मायक्रॉनच्या एका पिक्सेलमध्ये असे कितीतरी कण येतात, आणि आपण त्यांची सरासरी घेतो. आजच्या प्रश्नांना ती पुरते. उद्याचा प्रश्न काय असेल?

हे हवेतलं बोलणं नाही, आपल्याकडेच घडलेलं आहे. तमिळनाडूत कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून जवळजवळ रोज सूर्याचे फोटो काढत होते, प्लेटवर आणि नंतर फिल्मवर. शंभर वर्षांचा सूर्य! जगात असे साठे दोन-चारच. त्याचं आधी एकदा डिजिटायझेशन झालं होतं, ८ बिटचं. ८ बिट म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. तेव्हा ते चांगलंच होतं. पण सूर्याच्या कडेजवळचे बारीक फरक त्या पायऱ्यांत मावेनात. मग भारतीय ताराभौतिकी संस्थेने तेच पुन्हा केलं, १६ बिट, ४०९६ बाय ४०९६. आता पायऱ्या ६५,५३६. हे करता आलं कारण पहिल्या स्कॅननंतर कुणी काचा विकायला काढल्या नव्हत्या. पहिलं स्कॅन झाल्यावर जुना सर्व्हर बंद करायची तारीख ठरली असती तर आपल्याकडे आज २५६ पायऱ्यांचा सूर्य असता, कायमचा.

तिसरी गोष्ट, भांडण मिटवायला मूळ कागद लागतो. २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या डेटात एक तारा सापडला, ज्याचं तेज मध्येच २० टक्क्यांहून जास्त घसरत होतं. परग्रहवासीयांचं बांधकाम वगैरे बातम्या तुम्हीही वाचल्या असतील, टॅबीचा तारा. ब्रॅडली शेफर यांनी हार्वर्डच्या स्कॅनमधून १८९० ते १९८९ चा आलेख काढला आणि म्हणाले, हा तर शंभर वर्षं हळूहळू मंद होतोय. लगेच दुसऱ्या गटाने हरकत घेतली. इतर साध्या ताऱ्यांच्या आलेखातही तशीच उडी दिसते, तीही नेमकी मेंझेल गॅपच्या आजूबाजूला. म्हणजे तारा बदलला की दुर्बीण आणि प्लेट बदलल्या? आता हे कसं तपासणार? शेफर यांनी मूळ काचांवर जुन्या पद्धतीने, डोळ्याने ठिपके ताडून पाहिले. सॉफ्टवेअरबद्दल शंका आली की सॉफ्टवेअरच्या बाहेरचं काहीतरी हातात लागतं. मला हे फार आवडलं, कारण आमच्या कामातही रात्री अडीच वाजता हेच लागतं. मूळ लॉग कुठे आहे?

आणि काचेइतकीच तिच्यावरची तारीख. याचं आपल्या मातीतलं उदाहरण देते.

विजयदुर्गला गेलात तर तिथे 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि सांगतात, १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम इथे शोधला. सांगणाऱ्याचा अभिमान खरा आहे, वर्ष मात्र जुळत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते, आणि लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये. त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, सोबत कॅमेरे आणि प्लेट्स घेऊन. दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली. त्याच १८९८ च्या ग्रहणाला आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला तळ ठोकून होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये त्यांनी वेधशाळा उभी केली होती. जेऊरला त्यांनी ग्रहणाच्या वर्णपटाच्या प्लेट्स घेतल्या आणि त्यावरचा अहवाल छापून ठेवला. तारीख, गाव, उपकरण, सगळं त्यात. म्हणून नायगमवालांच्या बाबतीत दंतकथा तयार झाली नाही. खरं तर गोष्टही फारशी कुणी सांगत नाही, ते वेगळं दुःख. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिला भावनगर दुर्बीण म्हणतात.

हार्वर्डच्या वह्यांचं कामही तसंच चाललंय. त्या कॉम्प्युटर बायकांच्या हस्ताक्षरातल्या वह्यांची पानं स्मिथसोनियनच्या संकेतस्थळावर टाकली आणि जगभरातल्या स्वयंसेवकांनी ती टाइप केली. फेड्रा असं त्या प्रकल्पाचं नाव. मला विचाराल तर स्कॅनरइतकंच हे महत्त्वाचं. वेळ माहीत नसलेला तारा म्हणजे नुसता ठिपका.

शेवटी थोडं कामाचं, कारण मागच्या वेळी दोघातिघांनी लिहिलं होतं की घरात किंवा जुन्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर काचेच्या निगेटिव्ह आहेत. आकाशाच्या नसतील, लग्नाच्या असतील, पण पदार्थ तोच. कडांना धरा, मधे बोट लावू नका. निस्तेज, किंचित खरखरीत बाजू ती जिलेटिनची, तिला काहीही लावू नका, ओलं फडकं तर अजिबात नाही. एकावर एक आडव्या रचू नका, खालची वजनाने तडकते. लांब बाजूवर उभ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळं आम्लविरहित कागदाचं पाकीट. फुटली असेल तर सेलोटेप लावू नका, तुकडे एकाच पाकिटात, एकमेकांवर घासणार नाहीत असे. कडेला चंदेरी झाक आली असेल तर ती चांदीच वर आलेली असते, चोळून घालवू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा मुख्य शत्रू, तेव्हा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, आणि जमिनीलगत तर नकोच. जुनं पाकीट फाटकं असलं तरी टाकू नका. त्याच्यावर पेन्सिलीने 'चि. सौ. कां.' असं काहीतरी आणि एक तारीख असेल, तेवढीच ओळख उरलेली असते. आणि मोबाइलने फोटो काढणार असाल तर काच लाइटबॉक्सवर ठेवून काढा. आधी पाकिटाचा, मग काचेचा, दोन्ही फाइलना एकच नंबर द्या.

चला, प्रश्न आलेत बरेच. पहिला प्रश्न नाशिकहून आहे, बुरशी लागलेल्या प्लेटबद्दल. त्याला जरा सविस्तर उत्तर लागेल, ब्रेकनंतर घेते.